ओलिताच्या रात्री: ताऱ्याचं वय कसं काढतात

माघात गव्हाचं ओलित चालू असते आन लाइन येते रातची, म्हणून पहाटे 4 ला कोणी ना कोणी वावरात जागाच असतो, तेव्हा आग्नेयेला वृश्चिक वर आलेला असतो आणि त्याच्यातला तांबडा तारा म्हणजे ज्येष्ठा. माझ्या चुलतभावानं एकदा दांड फोडता फोडता विचारलं, "दादा, हे ज्येष्ठा म्हंजे सगळ्यात जुनी असन न?"

नावावरून तसंच वाटते, पण ज्येष्ठा एक-दीड कोटी वर्षांची असेल फक्त, आपला सूर्यच 460 कोटींचा आहे. खरा म्हातारा तिच्या शेजारी आहे. साधी दुर्बीण ज्येष्ठेवर धरा, मग जरासं पश्चिमेला, हात लांब केल्यावर करंगळीच्या जाडीपेक्षा थोडं जास्त, तिथं कापसाच्या पुंजक्यासारखा धुरकट डाग दिसतो. तो एम 4 तारकागुच्छ, म्हणजे सोबत जन्मलेल्या ताऱ्यांचा घोळका, 6000 प्रकाशवर्षं दूर, वय 1200 कोटींच्या आसपास. चंद्र नसलेली रात्र पाहिजे.

आता हे वय काढतात कसं. आधी ताऱ्याचा उजेड रंगांत फोडतात, त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या आपापल्या काळ्या रेषा येतात, लोखंडाच्या रेषा किती बारीक आहेत ते बघतात, समजा ताऱ्याचं माती परीक्षणच. खगोलवाले हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला धातूच म्हणतात, ऑक्सिजनलासुद्धा. हे धातू ताऱ्यांच्या पोटात तयार झाले आणि तारे मेल्यावर बाहेर पसरले, म्हणजे नव्या चुलीत पहिल्या दिवशी राख नसते तसं, सुरुवातीच्या ताऱ्यांत धातू फार कमी. पण इथंच बरेच जण चुकतात, कमी धातू म्हणजे तारा बहुतेक जुना एवढाच इशारा मिळतो, वर्षं मिळत नाहीत. एखाद्या लहान दीर्घिकेत, म्हणजे आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या मोठ्या वस्तीत, राख उशिरापर्यंत कमीच राहू शकते.

वर्षं मोजायची तर गुच्छ सगळ्यात सोपा. एकाच वावरात एकाच दिवशी मूग, सोयाबीन, तूर पेरली असं धरा. मूग 60-65 दिवसांत निघतो, सोयाबीन 100 दिवसांच्या आसपास, तूर पाच-सहा महिने उभी राहते. तुम्ही बांधावर आले, मूग निघालेला, सोयाबीन नुकतंच कापलेलं, तूर हिरवी, तर पेरणी कधीची ते कोणाला विचारायचं काम नाही. गुच्छातले तारे सोबतच जन्मलेले असतात आणि उलटं वाटलं तरी जड तारा लवकर संपतो कारण तो इंधन भसाभस जाळतो. सूर्याच्या 10 पट वजनाचा दोन-तीन कोटी वर्षांत आटोपतो, सूर्याएवढा 1000 कोटी वर्षं चालतो. म्हणून कोणत्या वजनाचे तारे आत्ता संपायला लागले ते शोधायचं, तेच गुच्छाचं वय.

एकटा तारा असला तर जास्त अवघड. त्याच्यात युरेनियम सापडलं तर नशीबच, कारण युरेनियम 447 कोटी वर्षांत निम्मं होते आणि थोरियम 1400 कोटींत, दोघांचं आजचं प्रमाण घेतलं की घड्याळ मिळते. 2001 मध्ये चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीनं एका ताऱ्यात असं युरेनियम मोजलं आणि वय आलं 1250 कोटी, अधिक-उणे 300 कोटी. हे अधिक-उणे कधीच सोडून वाचू नका.

तूळ राशीतला एचडी 140283 नावाचा तारा बघा, लोखंड सूर्याच्या अडीचशेव्या हिश्शाएवढं, 200 प्रकाशवर्षं दूर, डोळ्यानं नाही पण दुर्बिणीतून दिसतो. त्याच्या गाभ्यातलं हायड्रोजन संपून तो फुगायला लागलाय, अशा वेळी अंतर नीट माहीत असलं की खरं तेज कळते आणि तेजावरून वय. 2013 मध्ये हबल या अवकाशातल्या दुर्बिणीच्या मोजणीतून 1446 कोटी आलं, आणि विश्व तर 1380 कोटींचं. पेपरात लगेच गवगवा झाला की तारा विश्वापेक्षा म्हातारा. पण तिथं अधिक-उणे 80 कोटी लिहिलेलं होतं, 80 वजा करा, 1366 येते. पुढं त्या ताऱ्याचं अंतर आणि त्याच्यातल्या ऑक्सिजनचे आकडे बदलून हिशेब केले तेव्हा काहींना 1200 च्या आसपासही वय मिळालं.