टॅपेट वाजतंय? गॅपच्या आधी रॉकरची रेष तपासा

टॅपेट वाजायला लागलं, म्हणजे इंजिनाच्या वरून टकटक येऊ लागली, की पाना थेट चेकनटवर (गॅपचा स्क्रू जखडणारा नट) जातो. गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या शेंड्यातलं अंतर, कमी होते, आवाज बसतो आणि पंधरा दिवसांत टकटक पुन्हा सुरू. कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. या साखळीतला एखादा भाग रेषेतून सरकलेला असेल, तर त्यावर लावलेली गॅप खोटीच असते. म्हणून आधी रेष, मग फिलर गेज (गॅप मोजायची पाती). खालची पद्धत मॅसी फर्ग्युसन १३५ ट्रॅक्टरच्या तीन सिलिंडर पर्किन्स ३.१५२ डिझेल इंजिनाची आहे. पुशरॉडच्या इतर इंजिनांनाही ती लागू पडते, फक्त आकडे त्या-त्या मॅन्युअलमधले घ्या.

इंजिन पूर्ण थंड असू द्या. रॉकरवरचं झाकण काढण्याआधी आजूबाजूची माती पुसा, नाहीतर ती सरळ ऑइलमध्ये जाते. रॉकरवरचे सहाही टॅपेट स्क्रू (गॅप लावायचे) सैल करा आणि मगच रॉकर शाफ्टचे (रॉकर ज्या दांडीवर बसतात तिचे) नट अर्धा-अर्धा आटा, सगळीकडून सारखे, ढिले करा. उघड्या व्हॉल्व्हची स्प्रिंग शाफ्टला वर रेटत असते. एक टोक पूर्ण सोडलं तर सगळा जोर दुसऱ्या टोकावर येऊन ब्रॅकेट तडकतं. पुशरॉड थोडा फिरवून, ऑइलची पकड सोडवून वर घ्या. पुठ्ठ्याला सहा भोकं पाडून ते क्रमाने खोचा. प्रत्येक रॉड आपल्या टॅपेट आणि रॉकरबरोबर घासून बसलेला असतो, अदलाबदल झाली की झीज नव्याने सुरू होते.

आता पुशरॉड जाड काचेवर घरंगळवा. खालून उजेड लुकलुकला तर रॉड वाकलाय, तो बदला. ठोकून सरळ केलेला रॉड त्याच जागी परत वाकतो. आणि वाकला का, हेही शोधा: व्हॉल्व्ह गाईडमध्ये (त्याची दांडी सरकते त्या नळीत) अडकत असेल किंवा पिस्टन त्याला लागला असेल, तर नवा रॉडही टिकणार नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो रॉकरचा तोंडाकडचा पॅड. व्हॉल्व्हच्या शेंड्यावर आपटून त्याला खळगा पडतो. फिलरची पाती खळग्याच्या दोन्ही कडांवर टेकते, त्यामुळे ०.३० मिलिमीटरची गॅप बसली असं हाताला वाटतं. प्रत्यक्षात खळग्याइतकी गॅप जास्त असते, म्हणूनच सेटिंग करूनही आवाज जात नाही. नखाला अडेल इतका खळगा असेल तर रॉकर बदला. खोलवर घासलं तर वरचा कडक थर निघून जातो. शाफ्टची खालची बाजूही नखाने चाचपा, झीज तिथेच होते. शाफ्ट परत बसवताना ऑइलची भोकं जशी होती तशीच ठेवा, उलटा बसला तर रॉकर कोरडे चालतात.

शाफ्टवर रॉकरांच्या मधे असलेल्या स्प्रिंगा आणि वॉशर किरकोळ समजून कुणी सोडून देतं. रॉकरला व्हॉल्व्हच्या बरोबर वर धरून ठेवण्याचं काम त्याच करतात. त्या नसल्या की रॉकर सरकतो, शेंड्याच्या कडेवर दाबतो, व्हॉल्व्ह बाजूला रेटला जातो आणि गाईड लंबगोल होते. पुढे ऑइल जळून निळा धूर. खात्री करायला शेंड्यांना मार्करची शाई लावा, जुळणी करून गॅप लावा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा आणि खूण बघा. ती रुंदीच्या मध्यावर हवी. व्हॉल्व्ह स्प्रिंगही हेडवरून उतरवली असेल तर सपाट जागी उभी करून गुण्याला लावा. वरचं टोक दीड मिलिमीटरपेक्षा जास्त कलत असेल तर ती वापरू नका.

जुळणी करताना स्क्रू पूर्ण वर घेतलेले असू द्या आणि प्रत्येक पुशरॉड टॅपेटच्या वाटीत बसलाय हे बोटाने बघा. नट मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा.

मग गॅप. थंड इंजिनाला ०.३० मिलिमीटर, गरम असेल तर ०.२५. इंजिन बंद करायची स्टॉपची दांडी ओढून ठेवा. क्रँक फिरवताना पहिल्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह मिटतोय आणि दुसरा उघडायला लागलाय, अशी जागा पकडा. तिथून बरोबर एक फेरा पुढे गेलात की दोन्ही रॉकर मोकळे. इथे पहिल्याचे दोन्ही लावा. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-२-३ आहे, त्यामुळे २४० अंश पुढे दुसरा, आणखी २४० वर तिसरा. पाती किंचित ओढ लागून सरकायला हवी. चेकनट आवळताना स्क्रू-ड्रायव्हर सोडू नका, नट स्क्रूला सोबत फिरवतो. आवळल्यावर पुन्हा मोजाच. गॅप कमी राहिली तर व्हॉल्व्ह सीटवर टेकत नाही, त्याची उष्णता हेडला जात नाही आणि तो जळतो. थोडा आवाज परवडतो, जळालेला व्हॉल्व्ह नाही.

शेवटी झाकण न लावता इंजिन स्लोवर चालवा. प्रत्येक रॉकरपर्यंत ऑइल पोचतंय का बघा आणि पुशरॉडकडे लक्ष द्या. सपाट टॅपेट चालताना गोल फिरतं, त्याबरोबर रॉडही सावकाश फिरताना दिसतो. बाकीचे फिरताहेत आणि एकच जागच्या जागी वरखाली होतोय, तर त्याचं टॅपेट किंवा कॅमचा उंचवटा झिजत चाललाय. तिथे गॅप पुन्हा-पुन्हा लावत बसू नका, टॅपेट आणि कॅम काढून तपासा.