बालगृहात फील्डवर्कला जाणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षी फील्डवर्कच्या संस्था वाटल्या जातात, तेव्हा बालगृह किंवा निरीक्षणगृह ज्याच्या वाट्याला येतं त्याचा चेहरा जरा उतरतो. दवाखाना, बचत गट, ग्रामपंचायत यांची थोडीफार कल्पना असते. ‘रिमांड होम’ म्हटलं की घरचेही विचारतात, "तिथं पोरीच्या जातीनं काय काम?" मी कोल्हापुरातल्या मुलांच्या अशाच एका निवासी संस्थेत फील्डवर्क केलं आणि पुढे ब्लॉक प्लेसमेंटही (सलग काही आठवडे एकाच संस्थेत करायचं काम) तिथलीच मागून घेतली. नव्या बॅचला माझं सांगणं एवढंच आहे की इथे हुशारीच्या आधी ठरल्या वेळी येणं लागतं. बाकीचं हळूहळू शिकता येतं.

आधी तिथे कोण मुलं असतात ते समजून घ्या. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांचे दोन गट आहेत. काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुलं बालकल्याण समितीसमोर जातात आणि तिच्या आदेशाने बालगृहात येतात. कायद्याशी संघर्षात आलेली मुलं बाल न्याय मंडळासमोर जातात, आणि चौकशी चालू असताना त्यांना निरीक्षणगृहात ठेवता येतं. दोन्हीकडे मुलाला २४ तासांच्या आत हजर करावं लागतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, मंडळात दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते. कागदावर हे दोन गट अगदी वेगळे दिसतात. प्रत्यक्षात रेल्वे टर्मिनसवर एकटा सापडलेला, महाद्वार रोडला भीक मागणारा, ऊसतोडीच्या टोळीबरोबर येऊन मागे राहिलेला आणि चोरीच्या प्रकरणात पकडलेला, या चौघांच्या फायली शेजारी ठेवून वाचल्या की पहिली दोन-तीन पानं जवळपास सारखीच निघतात. दारू पिणारा बाप, सुटलेली शाळा, कुणाच्या तरी नादानं लागलेली सोल्यूशन (पंक्चर काढायचा चिकट द्रव) हुंगायची किंवा माव्याची सवय.

कोल्हापूरला वसतिगृहांची मोठी परंपरा आहे. १९०१ साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढे गावात अनेक समाजांची बोर्डिंगं उभी राहिली. त्यामुळे आपल्याकडचा विद्यार्थी बालगृहात पाऊल टाकतो तेव्हा डोक्यात बोर्डिंगचंच चित्र असतं. पण बोर्डिंगातलं पोरगं शिकायला म्हणून आलेलं असतं, घरच्यांनी त्याची पेटी भरून दिलेली असते. इथल्या पोराला आणून सोडलेलं असतं, बहुतेक वेळा त्याच्या मनाविरुद्ध, आणि परत कधी जायचं हे त्याच्या हातात नसतं. तो तुमच्याशी बोलत नाही, पाठ फिरवतो, मुद्दाम शिवी देतो, तेव्हा ही गोष्ट आठवा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. कॉलेजचं पत्र, ओळखपत्र, संस्था मागेल ती परवानगी आणि गोपनीयतेचं हमीपत्र एवढं लागतंच. पोलीस पडताळणी मागतील असं धरून चाला आणि ती आधीच काढायला टाका, कारण तिला वेळ लागतो. मोबाइल ऑफिसात ठेवायचा. मुलांचा फोटो काढायचा नाही, स्टेटसला तर नाहीच नाही. कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. रेकॉर्डिंगच्या (फील्डवर्कच्या नोंदींच्या) वहीतही खरं नाव लिहू नका, कारण ती वही कॉलेजात चार हातांतून जाते. मीही इथे मुलांचे तपशील बदलूनच लिहिते आहे.

आता मुख्य काम. पहिले काही आठवडे तुम्हाला वाटेल की आपण काहीच करत नाही. केसवर्क (एकेका मुलाबरोबरचं काम) कधी सुरू होणार, समुपदेशनाचं तंत्र कधी वापरणार, अशी घाई होते. एक मुलगा रात्रीच्या जेवणातल्या चपात्या रुमालात बांधून पेटीत ठेवायचा. कपड्यांना वास यायला लागला, मुंग्या झाल्या, तशी बाकीची पोरं त्याला चिडवू लागली. वर्गात शिकलेलं सगळं माझ्या ओठांवर होतं. पण तिथल्या काळजीवाहक मावशींनी त्याला एका शब्दानं विचारलं नाही. त्या रोज झोपायच्या आधी त्याच्याजवळ जाऊन सांगायच्या, "सकाळी पोहे हायती. पातेलं मोठं हाय." दुसऱ्या दिवशी पोहेच असायचे. कधी बेत बदलला तर मावशी आधी येऊन बदल सांगून जायच्या. किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत, पण एके दिवशी पेटी आवरताना रुमालात चपाती नव्हती, नुसत्या गोट्या होत्या. उपाशी राहिलेलं मूल उद्याच्या जेवणावर विश्वास ठेवत नाही. तो विश्वास बोलून देता येत नाही, पातेलं दिसावं लागतं.

तुमच्या येण्याचंही असंच असतं. मंगळवारी चार वाजता येते म्हटलं तर मंगळवारी चारला फाटकात उभं राहा. परीक्षा असेल, गावी जायचं असेल, तर आदल्या वेळेलाच सांगून ठेवा. "बघते", "जमलं तर येते" ही भाषा या मुलांनी आयुष्यभर ऐकली आहे. न जमणारं कबूल करू नका. आईला फोन लावून देते, घरी सोडायला सांगते, वाढदिवसाला बूट आणते, यातलं एकही तुमच्या अधिकारात नाही.

गटकार्यासाठी फार उपक्रम शोधत बसू नका. कोल्हापुरातल्या पोरांना फुटबॉल पुरतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना असला की निम्मा हॉल एकीकडे, निम्मा दुसरीकडे. मी याच मुलांकडून मैदानाचे नियम लिहून घेतले: शिवी दिली तर किती वेळ बाहेर, पडलेल्याला कुणी उठवायचं, वाद झाला तर निकाल कोण देणार. नियम त्यांचेच असल्यामुळे ते माझ्यापेक्षा कडक पाळायचे. आधी चार-चार दिवस तोंड न उघडणारी पोरं सामन्यानंतर हातपाय धुताना नळावर बोलायची. तुमचं केसवर्क बऱ्याचदा त्या नळावरच होईल, टेबल-खुर्ची मांडून नाही.

भेटीच्या दिवशी मात्र खेळाचा आग्रह धरू नका. ज्यांचं कुणी येतं ती मुलं भेट संपल्यावर सैरभैर होतात, आणि ज्यांचं कुणी येत नाही ती दुपारपासूनच भांडणं उकरून काढतात. त्या दिवशी न भेटलेल्या मुलांजवळ बसा. काही विचारू नका, कॅरम मांडा.

गृहभेटीला संधी मिळाली तर सोडू नका. काळजी व संरक्षणाच्या प्रकरणात सामाजिक तपासणी (मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी) १५ दिवसांत आणि समितीचा अंतिम आदेश ४ महिन्यांत व्हावा असं कायदा सांगतो, त्यामुळे ती करणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्यांवर (प्रोबेशन ऑफिसर) कामाचा बोजा असतो आणि सोबत येणारा विद्यार्थी त्यांना हवाच असतो. इचलकरंजीतल्या एका घरी आम्ही गेलो. शेजारी यंत्रमागांचा खडखडाट एवढा की प्रश्न कानाशी जाऊन विचारावा लागायचा. वडील रात्रपाळी करून झोपलेले, एका खोलीत सहा माणसं. माझ्या कच्च्या अहवालात ‘पालकांचे दुर्लक्ष’ असं लिहिलेलं वाचून अधिकारी मॅडम म्हणाल्या, "दुर्लक्ष तुला दिसलं कुठं ते लिही." मग लिहिलं: वडील रात्री बारा तास कामावर, दिवसा झोपेत, आई दिवसा धुण्याभांड्याला, दुपारी एक ते सहा घरात जागं असं मोठं माणूस नाही. या पाच तासांसाठी समिती काही करू शकते, शाळेनंतर थांबायची सोय, मावशीचं घर, काहीही. ‘दुर्लक्ष’ या शेऱ्यावर फक्त मुलाला घरापासून लांब ठेवता येतं. तुमच्या एका वाक्यावर मुलाचं घर ठरू शकतं, म्हणून जे पाहिलं तेच लिहा.

एक गोष्ट आधीच ठरवून जा. मूल कधी ना कधी म्हणेल, "ताई, कुणाला सांगणार नसशील तर सांगतो." तसं वचन देऊ नका. सांगा, की तुला त्रास होणारी गोष्ट असेल तर मला मोठ्यांना सांगावं लागेल, पण तुझ्यापासून लपवून सांगणार नाही. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ते तुम्हालाही लागू आहे. खोदून खोदून विचारू नका, मुलाचेच शब्द लिहून ठेवा आणि त्याच दिवशी अधीक्षकांना सांगा. आरोप संस्थेतल्याच माणसावर असेल तर अधीक्षकांवर न थांबता थेट १०९८ ला फोन करा, कॉलेजातल्या पर्यवेक्षकांना कळवा. नशेतून बाहेर पडणाऱ्या मुलाचा थरकाप, झोप उडणं, अंगावर धावून येणं हेही तुम्ही एकट्याने हाताळायचं नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत, सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे.

काही ठिकाणी विद्यार्थ्यांना नुसतं रजिस्टर उतरवायला आणि पाहुण्यांच्या कार्यक्रमात उभं राहायला लावतात. तसं झालं तर रुसून बसू नका, कॉलेजच्या पर्यवेक्षकांमार्फत आठवड्याच्या कामाचा आराखडा लेखी मागा. स्टायपेंड सहसा नसतो, केएमटीचं (शहर बसचं) भाडं खिशातून जातं, तेवढी तयारी ठेवा.

निरोपाची तयारी पहिल्याच आठवड्यात करा. हॉलमधल्या कॅलेंडरवर तुमच्या शेवटच्या दिवसाला मुलांसमोर गोल करा, आणि महिना उलटला की पुन्हा दाखवा. शेवटच्या दिवसांत काही मुलं बोलणं टाकतील, एखादा तुमची वही फाडेल. तरी ठरलेल्या दिवसापर्यंत या. नंतर नंबर देऊन, गुपचूप भेटून नातं चालू ठेवू नका. पुढचा विद्यार्थी येणार आहे, त्याच्यासाठी जागा मोकळी हवी. त्याच्यासाठी फायलीत एक पान ठेवा: कोणाला काय आवडतं, कोण कशानं बिथरतं, कोणाशी काय बोलणं अर्धवट राहिलं.

पुढे याच क्षेत्रात राहायचं असेल तर परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी, समुपदेशक अशी पदं असतात. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखालची बरीच कंत्राटी आहेत, हे माहीत असू द्या. १८ पूर्ण झालेल्या मुलांना २१ पर्यंत अनुरक्षणाची (संस्थेबाहेर पडल्यानंतरच्या आधाराची) सोय कायद्यात आहे, पण बाहेर पडणाऱ्या मुलाला खोली, काम आणि बँकेचं खातं मिळवून देणारी माणसं फार कमी पडतात. ब्लॉक प्लेसमेंट निवडायची वेळ येईल तेव्हा हे काम मागून घ्या, आणि त्यासाठी संस्थेत आधीच विचारून ठेवा.