टोपी फुटायची, बार पेटेना

आजोबांची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर माझ्या नावावर झाली. देवगडच्या खारट, दमट हवेत पहिल्याच पावसाळ्यात टोपी, म्हणजे ठिणगी देणारी छोटी स्फोटक कॅप, फुटायची, पण नळीतला दारूचा बार पेटेना. मी तेल घालत राहिलो, तीच चूक. काळ्या दारूची राख क्षारांची. ती हवेतलं पाणी ओढते आणि तेलाने नाही, पाण्यानेच विरघळते.

आधी गज घालून नळी रिकामी असल्याची खात्री केली. मग निपल, म्हणजे टोपी जिच्यावर बसते ती छोटी पोकळ नळी, काढलं आणि चिंधी स्वच्छ निघेपर्यंत नळीतून कढत पाणी ओतलं. पाणी कढतच हवं, म्हणजे तापलेलं लोखंड लवकर सुकतं. निपलच्या भोकात काळा खडा बसला होता! तो तारेने काढला. शेवटी तेलाचा पातळ हात.

आता बार काढला की त्याच संध्याकाळी धुतो.