लोंबत्या कानांच्या कुत्र्याचे कान: साफ कसे करायचे, आणि हात कधी लावायचा नाही

कॉकर स्पॅनियल, बीगल, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर. यांपैकी कुणी घरात असेल तर पावसाळ्यात एक वास ओळखीचा होतो: शिळ्या पावासारखा, जरासा आंबूस. कुत्रा मान एका बाजूला करून मागच्या पायाने कान खाजवत बसतो आणि घरात कुणीतरी म्हणतं, "अरे, त्याचे कान साफ कर जरा." मग इअरबड शोधला जातो. तो आधी डब्यात परत ठेवा.

कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी जवळजवळ सरळ नसते. ती आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. पडदा त्या वळणाच्या पलीकडे असतो. बडने वरचा मळ निघाल्यासारखा वाटतो, पण बराचसा खालच्या वळणात ठासला जातो. शिवाय कुत्र्याने ऐन वेळी डोकं झटकलं तर इजा होते ती वेगळीच.

वरून लोंबती पाळी झाकण घालते. आत ऊब, ओल आणि अंधार. मालासेझिया नावाचं यीस्ट आणि काही जीवाणू निरोगी कानातही थोडेफार असतातच. अशा हवेत ते बेसुमार वाढतात. कॉकरचं दुखणं त्याहून जास्त, कारण त्याच्या कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथी जास्त असतात आणि केसही दाट असतात. आपल्या कारवानी हाउंडचे कानही पडलेलेच, पण पाळी पातळ आणि केस आखूड, म्हणून त्याची सहसा एवढी तक्रार नसते.

आधी बघा, मग हुंगा

आठवड्यातून एकदा, चांगल्या उजेडात, पाळी उलटून बघा. आतली कातडी फिकट गुलाबी, थोडासा पिवळट-तपकिरी मळ, वास जवळपास नाही: हा निरोगी कान. त्याला काहीही करू नका. निरोगी कान स्वतःचा मळ हळूहळू बाहेर ढकलत असतो. रोज उठून कान धुणाऱ्या हौशी मंडळींना हे पटत नाही, पण सारखं ओलं राहून आतली कातडी भिजट आणि नाजूक होते, आणि मग संसर्गाला आयतीच वाट मिळते. बहुतेक कुत्र्यांना महिन्यातून एकदा-दोनदा सफाई पुरते. कॉकर, सतत पाण्यात डुंबणारा लॅब किंवा ॲलर्जीचा कुत्रा असेल तर किती वेळा करायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

पुढीलपैकी काही दिसलं तर घरी सफाई करूच नका, थेट पशुवैद्यांकडे न्या: कान लाल किंवा सुजलेला, हात लावताच कुत्रा कळवळतो, पू किंवा रक्त, घाण वास, कोरड्या भुकटीसारखा काळा मळ (हे बहुधा कानातल्या माइट्सचं, म्हणजे अगदी बारीक किड्यांचं लक्षण, आणि ते घरातल्या दुसऱ्या कुत्र्या-मांजरांनाही लागतात). मान एका बाजूला कललेली राहते, चालताना तोल जातो, बुबुळं आपोआप इकडून तिकडे हलतात, असं असेल तर त्याच दिवशी न्या. पडदा फाटलेला असेल तर काही द्रावणं आत उतरून ऐकण्यालाच धोका पोहोचवतात, आणि पडदा शाबूत आहे की नाही हे घरी बसून कळत नाही.

काय लागेल

कुत्र्यांसाठी बनवलेलं इअर क्लीनर. पहिल्यांदा घेताना डॉक्टरांना विचारून घ्या. त्यात मळ सैल करणारे आणि नंतर कान कोरडा पडायला मदत करणारे घटक असतात. कापसाचे मोठे बोळे किंवा गॉझ, एक जुना टॉवेल आणि खाऊ. बस.

घरच्या उपायांबद्दल स्पष्टच बोलायला हवं. लहानपणी आपल्या कानात लसूण घालून कडवलेलं तेल कुणीतरी सोडलेलं असतं, म्हणून कुत्र्याच्या कानातही सोडावंसं वाटतं. नको. तेल त्या वळणात साचून राहतं, त्याला मळ चिकटतो, आणि डॉक्टरांनी आत बघायचं ठरवलं तर काही दिसत नाही. स्पिरिट आणि व्हिनेगर सोललेल्या कातडीवर भयंकर झोंबतं. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं म्हणून काम करतंय असं वाटतं, पण कातडीला त्रास देतं आणि ओल मागे ठेवतं. टी ट्री ऑइल तर कुत्र्यांना विषारी ठरू शकतं. माणसांचे कानाचे थेंब किंवा मागच्या वर्षीच्या दुखण्यातली उरलेली बाटलीही नको.

प्रत्यक्ष सफाई

जागा बाथरूम किंवा बाल्कनी. सोफ्यावर केलीत तर पुढे भिंतीही पुसाव्या लागतील. छोटा कुत्रा मांडीवर घ्या. मोठ्याला कोपऱ्यात, पाठ भिंतीकडे करून बसवा म्हणजे मागे सरकायला जागा राहत नाही. दुसरं माणूस असेल तर त्याने हनुवटीखाली हात ठेवून गप्पा मारत राहायचं. धरून आवळायचं नाही. स्टीलच्या ताटलीला बिनसाखरेचा चक्का फासून समोर ठेवला की चाटण्यात त्याचा बराच वेळ जातो.

१. बाटली काही मिनिटं मुठीत धरून द्रावणाचा गारवा घालवा. गार धार कानात गेली की कुत्रा दचकतो, आणि पुढच्या वेळी बाटली बघूनच पलंगाखाली जातो.

२. पाळी वर उचलून हलकेच ताणून धरा, म्हणजे नळी थोडी सरळ होते. बाटलीचं टोक कानाला न टेकवता द्रावण ओता. दोन थेंबांनी काही होत नाही. नळी भरेल इतकं हवं. टोक टेकलंच तर स्वच्छ पुसा, नाहीतर एका कानातलं दुसऱ्यात जातं.

३. पाळी खाली सोडा आणि कानाच्या बुडाशी, गालाच्या वरच्या भागात, अंगठा आणि बोटांनी वीस-तीस सेकंद चोळा. तिथे आतली नळी बोटांना लागते. पचपच असा आवाज यायला हवा. आला नाही तर द्रावण कमी पडलंय. सफाईचं खरं काम इथेच होतं, मळ खालून सुटून वर येतो. बहुतेक कुत्र्यांना हे आवडतं. डोळे मिटतात, मागचा एक पाय हवेत हलायला लागतो. इतका वेळ निवांत असलेला कुत्रा इथे अचानक ओरडला तर थांबा. आत दुखतंय.

४. बाजूला व्हा आणि त्याला डोकं झटकू द्या. टॉवेल यासाठीच.

५. बोटाला कापूस गुंडाळून पाळीच्या आतल्या घड्या आणि नळीचं तोंड पुसा. बोट सहज जाईल तितकंच आत. कापूस पिवळसर-तपकिरी झाला तर ठीक. दुसऱ्या कानाला नवा कापूस. मळ खूपच निघत असेल तर एकदा पुन्हा करा, पण कापूस पांढराशुभ्र निघेपर्यंत घासत बसू नका.

६. खाऊ द्या. विसरू नका.

पिल्लू असेल तर बाटली नंतर. आधी काही आठवडे रोज नुसती पाळी उलटायची, बुडाशी चोळायचं आणि खाऊ द्यायचा.

पावसाळा, पोहणं आणि कुसळं

सफाईपेक्षा कोरडेपणा महत्त्वाचा आहे. पावसातून, ओढ्यातून किंवा समुद्रातून आला की पाळ्या दोन्ही बाजूंनी पुसा आणि आत हलका कापूस फिरवा. हेअर ड्रायर नको. आवाजाने आणि उष्णतेने नुकसानच. आंघोळीच्या वेळी कानाच्या तोंडाशी कापसाचा सैल बोळा ठेवता येतो, नंतर आठवणीने काढा. कॉकरच्या पाळ्या जेवताना आणि पाणी पिताना भांड्यात बुडतात. त्याला तोंडाशी अरुंद आणि खोल भांडं घ्या. पाळीच्या आतल्या बाजूचे केस पार्लरमधून आखूड करून घेतले की वारा लागतो. नळीतले केस मात्र स्वतः उपटू नका.

पाऊस संपून गवत वाळलं की कुसळं येतात. डोंगरावर फिरवून आणलात तर बोटांच्या बेचक्यांसोबत कानही तपासा. कुसळ आत शिरलं की टोकाच्या दिशेनेच पुढे सरकतं, मागे येत नाही. फिरून आल्याबरोबर अचानक एकाच कानाची जोरात झटकाझटक सुरू झाली तर पहिला संशय त्याचाच. ते डॉक्टरांनाच काढू द्या. पाळीच्या घडीत गोचीडही लपून बसतात. दिसले तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा.

झटकाझटक दुर्लक्ष करण्यासारखी नसते. जोरात आपटून पाळीतली रक्तवाहिनी फुटते, आत रक्त साकळतं आणि पाळी टम्म फुगते. बऱ्याचदा ते शस्त्रक्रियेवर जातं.

पुन्हा पुन्हा होत असेल तर

वर्षातून तीन-चारदा कान बिघडत असेल तर कान हे लक्षण आहे, आजार दुसरीकडे. बहुतेक वेळा ॲलर्जी निघते: खाण्यातल्या एखाद्या प्रथिनाची किंवा धूळ-परागकणांची. सोबत पंजे चाटणं, पोट लाल होणं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. थेंब दिले तर सांगितले तितके दिवस घाला. चौथ्या दिवशी खाज थांबली म्हणून बाटली ठेवून देऊ नका.

आणि तपासणीला नेताना आदल्या दिवशी कान चकाचक करू नका. डॉक्टरांना तोच मळ हवा असतो. काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की यीस्ट आहे, जीवाणू आहेत की माइट्स, हे कळतं आणि औषध त्यावरून ठरतं.