समांतर कोड स्पेकशी पडताळण्याआधी

दादरच्या नाट्यगृहातली एक खुर्ची, तिकीटखिडकीवर एक गिऱ्हाईक, मोबाईलवर दुसरं. टीएलए प्लस, म्हणजे प्रणाली कशी वागते ते गणिती रूपात लिहायची भाषा. तिच्यात सुरुवातीला मॉडेल एवढंच घ्या. जावा आणि टीएलएचं टूलबॉक्स हे साधन असतीलच. स्पेक, म्हणजे काय घडायला हवं याचं वर्णन, कोड न उघडता लिहा, नाहीतर कोडातल्या चुकाच नियम होऊन बसतात. स्पेकमध्ये ‘विकणे’ ही एकच पायरी. कोडमध्ये वाचणे, रोखणे (खुर्ची ठरावीक मुदतीपुरती राखून ठेवणे), पैसे घेणे, पक्के करणे.

आता फेअरनेस, म्हणजे शक्य असलेली पायरी कायमची टाळली जाणार नाही ही अट. स्पेकमध्येही लिहा, इम्प्लिमेंटेशनमध्येही (कोडच्या टीएलए मॉडेलमध्ये) लिहा, आणि आत्ताच लिहा. टीएलएत जागच्या जागी थांबणं, म्हणजे स्टटरिंग, कायम चालतं. म्हणून फेअरनेस नसेल तर एकही तिकीट न विकणारा कोडसुद्धा स्पेकला उतरतो आणि टीएलसी हे मॉडेल तपासणारं साधन एक चूक दाखवत नाही.

रिफाइनमेंट मॅपिंगसाठी, म्हणजे कोडची प्रत्येक स्थिती स्पेकमधल्या कोणत्या स्थितीशी जुळते ते सांगण्यासाठी, खुर्ची नेमकी कधी विकली गेली ते ठरवा: ‘पक्के करणे’मधलं कम्पेअर-अँड-स्वॅप (आधीची नोंद तीच असेल तरच ती एका झटक्यात बदलणं) यशस्वी झालं तेव्हा. पैसे आले तेव्हा धरलंत, तर मुदत संपून खुर्ची दुसऱ्याकडे गेल्यावर ती स्पेकमध्ये दोनदा विकली जाते. कोड बरोबर, मॅपिंग चूक. काही ठिकाणी तो क्षण पुढे काय होणार यावर ठरतो. हर्लिही आणि विंग यांच्या १९९० च्या निबंधातली समांतर रांग (क्यू) तशीच आहे. तिथे प्रॉफसी व्हेरिएबल, म्हणजे पुढे काय होणार ते आधीच धरून ठेवणारं जादा चल, लागतं. अबादी-लॅम्पोर्ट यांच्या १९९१ च्या निबंधात त्याची पद्धत आहे.

पुन्हा फेअरनेस, कारण नुसती लिहून भागत नाही. रोखण्याची मुदत संपत राहते, त्यामुळे ‘पैसे घेणे’ आणि ‘पक्के करणे’ कधी शक्य, कधी अशक्य होतात. वीक फेअरनेस सतत शक्य असलेली पायरीच घडायला लावते. इथे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी या दोन्हींवर स्ट्राँग हवी, ती पुन्हापुन्हा शक्य होणारी पायरीही घडायला लावते. आणि वचन ‘मागेल त्याला मिळेल’ असं देऊ नका! खुर्ची एक आहे; ‘कुणातरी एकाला मिळेल’ एवढंच लिहा.

टीएलसी चालवताना स्पेक प्रॉपर्टी (पूर्ण वाटचालीवरची अट) म्हणून द्या, इन्व्हेरियंट (प्रत्येक स्थितीत खरी असणारी अट) म्हणून नाही. सिमेट्री (गिऱ्हाइकं एकसारखी धरून स्थिती कमी करणं) बंद, नाहीतर लाइव्हनेसचे, म्हणजे ‘कधीतरी घडेल’ हे वचन मोडणारे, दोष निसटतात. स्टेट कन्स्ट्रेंटनेही (तपासायच्या स्थितींवर मर्यादा घातल्यानेही) तेच होतं. खुर्ची विकल्यावर मॉडेल थांबतं, ते डेडलॉक (पुढची पायरीच उरली नाही) म्हणून येईल. ती तपासणी बंद करा.

सगळं पास झालं की इम्प्लिमेंटेशनमधली फेअरनेस काढून परत चालवा. नापास व्हायलाच हवं. तरीही पास झालं, तर स्पेकमध्ये फेअरनेस लिहायची राहून गेली आहे. मग कम्पेअर-अँड-स्वॅप काढून तसंच. मग ३ गिऱ्हाइकं, २ खुर्च्या.