वर्किंग स्टुडंटची नोकरी: केम्निट्झमधला माझा हिशेब

ऑक्टोबर 2024 मध्ये जर्मनीतल्या केम्निट्झला मास्टर्ससाठी आलो आणि तिसऱ्याच आठवड्यात पार्सलच्या गोदामात कामाला लागलो. घरी फोनवर "पार्टटाइम आहे, बसून काम" असं सांगितलं. बसायला तिथे स्टूलसुद्धा नव्हतं. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला 992 युरो सुटत होते, त्यात भागतही होतं. पण दिसेल त्या किमतीला नव्वदने गुणायची खोड लागलेली आणि बँकेचं कर्ज डोक्यावर. पहाटे चारची शिफ्ट, मग लेक्चरला डुलक्या. फेब्रुवारीत कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर गेला. आपल्याकडच्या एटीकेटीसारखं इथे रेटून नेता येत नाही. एका विषयाला साधारण तीनच संधी असतात. तिसरीही गेली तर कोर्समधून नाव कमी होतं.

म्हणून पहिल्या सेमिस्टरला नोकरीच्या मागे लागू नका, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ऐकत कोणी नाही, मीही ऐकलं नव्हतं.

आता नियम. विद्यार्थी परवान्यावर वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. मार्च 2024 पूर्वी हे आकडे 120 आणि 240 होते, तेव्हा सीनियरचा सल्ला घेताना तो कुठल्या साली आला होता ते आधी विचारा. आठवड्याला 20 तासांपर्यंतचं काम असेल तर त्या आठवड्याचे अडीच दिवस धरता येतात, त्यामुळे वर्षभर काम केलं तरी 140 च्या आत बसतं. विद्यापीठातली असिस्टंटची नोकरी, जिला इथे सगळे 'हिवी' म्हणतात, ती या दिवसांत मोजतच नाहीत.

पण 20 तासांची आणखी एक रेघ आहे, ती विम्याची. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या आत राहिलात तर पगारातून पेन्शनचे 9.3 टक्के जातात, आणि लागू असेल तर कर. आरोग्य विमा तुमचा विद्यार्थी दराचाच राहतो. हिवीचे दहा तास आणि कंपनीचे पंधरा असं जोडकाम केलंत, तर या रेघेसाठी बेरीज पंचवीसच होते. सुट्टीत जास्त तास चालतात. आणि वयाची तिशी ओलांडून येणाऱ्यांनी विम्याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी, कारण विद्यार्थी दर तिशीपर्यंतच मिळतो.

कोर्समध्ये इंटर्नशिप सक्तीची असेल तर ती 140 दिवसांत धरत नाहीत, पण तिला किमान वेतनही लागू नाही. फुकटात राबवून घेणारे भेटतात, ते इथेच. वर्किंग स्टुडंटला, म्हणजे शिकता शिकता कंपनीत पार्टटाइम काम करणाऱ्याला, मात्र किमान वेतन मिळतंच. जानेवारी 2026 पासून ते तासाला 13.90 युरो आहे.

मी साठ-पासष्ट अर्ज टाकले. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मनची ए-टू पातळी करून आलो होतो, पण ते केम्निट्झच्या सॅक्सन बोलीपुढे टिकेना. शेवटी आधी हिवी झालो. प्राध्यापकांच्या लॅबमधला टेस्ट बेंच सांभाळायचा, केबलींना लेबलं लावायची. त्याच बेंचवर एक कंपनी सेन्सर तपासायला यायची. काम मिळालं ते तिथून. पोर्टलवरच्या अर्जांतून आले फक्त नकार, तेही फार सभ्य भाषेत.

कंपनीतल्या पहिल्या आठवड्यात दुपारी कॉरिडॉरमध्ये जो तो मला "माल्त्साइट!" म्हणून पुढे जायचा. मला वाटलं, काहीतरी विचारतायत. मी थांबून "गुटन टाग, मी नवीन आहे" अशी ओळख करून द्यायचो. चौथ्या दिवशी टीममधल्या आजोबांनी सांगितलं, अरे, जेवणाच्या वेळेचा रामराम आहे तो, उलट तेच म्हणायचं आणि चालू पडायचं. कामाचं बोलणं इंग्रजीत निभतं. पण माणसं मोकळी होतात ती कॉफीच्या मशिनपाशी, आणि तिथे जर्मनच चालतं.

त्याआधी गोदामाचा पहिला पगार हाती आला तेव्हा पोटात गोळा आला होता. पत्ता नोंदवल्यावर टॅक्सचा नंबर टपालाने घरी येतो. तो कंपनीला वेळेत दिला नाही तर सहाव्या वर्गाने कर कापतात, म्हणजे सगळ्यात जबर. माझ्या नंबरचं पाकीट शेजारच्याच्या टपालपेटीत पडून होतं. कापलेले पैसे पुढे परत मिळाले. वर्षाचं रिटर्न जरूर भरा. वर्षात थोडेच महिने काम केलेल्यांना बऱ्याचदा कापलेला कर परत मिळतो.

काम सोडताना 'आर्बाइट्सत्सॉयग्निस' मागायला विसरू नका. हे अनुभवाचं पत्र देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्याची भाषा सांकेतिक असते. "आमच्या समाधानाप्रमाणे काम केलं" असं लिहिलं असेल तर तुम्ही काठावर पास. "पूर्ण" (जर्मनमध्ये 'फोलन') समाधान म्हणजे ठीकठाक. त्याच्या आधी 'श्टेट्स', म्हणजे 'सदैव', असेल तर चांगलं, आणि 'फोलन'चं 'फोलस्टन', म्हणजे 'पूर्णतम', झालं की पहिला नंबर. "त्यांनी प्रयत्न केले" असं असेल तर कागद कपाटात ठेवा. "मुलगा स्वभावाने चांगला आहे" असं प्रगतिपुस्तकात लिहिणारे आपले मास्तर आठवले मला.

माझ्या पत्रावरून मी बोट फिरवत गेलो. 'श्टेट्स' होतं. पुढे 'फोलन'च होतं, 'स्टन' नव्हतं. दुसरा नंबर. गोदामवाल्यांकडून मात्र मी पत्र मागितलंच नव्हतं.