जुनी नक्षीदार पिस्तुलं जमवताय? या चुका टाळा

भिंगाखाली जुनं पिस्तूल धरलं की कारागिराचा हात कुठे झोकात वळला आणि कुठे जरा अडखळला, ते कळतं. माझ्यासारखे लोक या छंदाला लागतात ते त्यापायीच. नवखा मात्र चकाकीला भुलतो, आणि फसतो.

नक्षी म्हणजे हातकामच, असं धरून चालणं. अमेरिकेच्या कोल्ट कंपनीच्या 1851 च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं, बघा. टेक्सास आणि मेक्सिकोच्या जहाजांची 1843 ची लढाई त्यावर आहे. बँकनोटांचं खोदकाम करणाऱ्या वॉटरमन ऑर्म्सबीने मूळ ठसा कोरला आणि कारखान्यात तो सिलिंडरवर दाबून फिरवला जाई. अशी दोन लाखांहून जास्त रिव्हॉल्व्हरं निघाली. चित्र देखणंच आहे, पण त्याला हातकामाचा भाव देऊ नका.

मागाहून कोरलेलं न ओळखणं. सगळ्यात महागात पडणारी चूक ही. कारखान्यात बहुतेक वेळा आधी नक्षी, मग ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) किंवा निकेलचा मुलामा. म्हणून रेघेच्या तळाशी जुना रंग टिकून असतो आणि उंचवटे झिजलेले असतात. उलटं दिसलं, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत झिजलेला पण वेल कोरी करकरीत, की सावध व्हा. वेल धातूवर ठोकलेल्या अक्षरांना वळसा घालून जाते की सरळ त्यांच्यावरून, तेही तपासा. विक्रेता ‘हे गुस्ताव यंगचं काम’ (यंग म्हणजे कोल्टसाठी काम करणारा नामांकित नक्षीकार) असं छातीठोक सांगेल, पुरावा मागा. निम्श्के या दुसऱ्या नावाजलेल्या नक्षीकाराच्या बाबतीत निदान त्याने स्वतः कागदावर घेतलेले आपल्या कामाचे ठसे उरले आहेत, त्यांच्याशी ताडून बघता येतं. कोल्टच्या कारखान्याला 1864 मध्ये आग लागली होती, त्यामुळे त्याआधीच्या तुकड्याची नोंद मिळाली नाही तरी लगेच नाक मुरडू नका.

घासून चकचकीत करणं. मी एकदा पितळेच्या पॉलिशने ट्रिगर गार्ड, म्हणजे चापाभोवतीची कडी, घासला. दहा मिनिटांत पानांच्या शिरा पुसट झाल्या, त्या काही परत येत नाहीत. निकेलवर अमोनियाचा क्लीनर तर नकोच. खाली तांब्याचा थर असेल तर तो खातो आणि वरचं निकेल पोपडे धरतं. रेघेत गंज दिसला तर हलक्या तेलाचा थेंब सोडा, एक दिवस थांबा आणि लाकडी टूथपिकने अलगद टोकरा. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या.

शोभेच्या पेटीत कायम ठेवणं. ओकच्या लाकडातून आम्लाची वाफ सुटते, मखमल ओल धरते. पेटी वेगळी, पिस्तूल वेगळं. उघड्या बोटांनी हाताळू नका; घामाचा ठसा गंजून उमटतो.

रिकामंच असेल असं समजणं. तोंडाकडून भरायच्या जुन्या पिस्तुलात कुणीतरी कधीकाळी भरलेली दारू आणि गोळी तशीच असू शकते. नळीचं तोंड आपल्यापासून दूर ठेवून लाकडी काठी आत सरकवा, खूण करा आणि बाहेरून नळीशी लावून बघा. काठी तळापर्यंत पोचली नसेल तर खरवडत बसू नका, जाणकार बंदूक कारागिराकडे न्या. परवान्याचे नियम देशोदेशी निराळे आहेत, ते पैसे देण्याआधीच विचारून घ्या.